मिरची तुमची, मग काटा कोणाचा?

भगिनींनो, माघाच्या दिवसांत भिवापूर, कुही, मांढळकडे गेलात तर लांबूनच ठसका लागतो. सातऱ्यावर लाल मिरची पसरलेली असते आणि तोंडाला पदर बांधून बाया देठ खुडत बसलेल्या असतात. मजुरी किलोमागे. यातल्या कितीतरी जणींच्या घरची दोन-तीन एकर शेती आहे. रोपे त्यांनीच लावली, निंदण त्यांनीच केले, तोडाही त्यांचाच. मग काटा येतो, आणि काट्यापलीकडे बाई दिसत नाही.

भिवापुरी मिरचीला 2016-17 साली भौगोलिक मानांकन मिळाले. मान मोठा, पण त्याने भाव आपोआप वाढत नाही. दहा घरची दहा पोती, कोणाचे ओलसर, कोणात फटकी मिरची मिसळलेली, अशी सुटी विकली तर भाव व्यापारीच ठरवणार. एका वाणाची, सारखी वाळवलेली टेम्पोभर मिरची कळमन्याला नेली तर बोलणी निराळी होतात. भाडेही वाटून जाते.

म्हणून मी सांगतो, कंपनी नंतर. आधी बचतगटातल्या दहा-बारा जणींनी एक वाण ठरवावा. बी निरोगी झाडांचेच राखावे, चुरडा-मुरडा आलेल्या झाडाचे नको. मिरची मातीवर न वाळवता ताडपत्रीवर वाळवावी. ओल राहिली की बुरशी धरते. आणि वजन गावातच करावे, प्रत्येकीसमोर, वहीत लिहून.

खरी अडचण पुढेच आहे. माल गेल्यापासून पैसा हाती येईपर्यंत आठ-पंधरा दिवस जातात. तेवढ्यात पोराची फी येते, सासऱ्यांचे औषध संपते. गावातला व्यापारी रोख मोजायला दारात उभाच असतो. माझ्या नोकरीत मी गट फुटताना पाहिले ते भांडणाने कमी, या आठ-पंधरा दिवसांत जास्त. माल परस्पर विकणाऱ्या बाईला बोल लावू नका. तिची गरज खरी असते. बचतीतला काही पैसा उचलीसाठीच बाजूला ठेवा. माल जमा झाला की अंदाजे किमतीच्या निम्मी रक्कम त्याच दिवशी तिच्या हातात पडावी. एवढे जमले तर गट टिकतो.

दोन हंगाम टिकला, की मग कंपनी. 2002 च्या कायदेदुरुस्तीपासून दहा उत्पादकांना मिळून उत्पादक कंपनी काढता येते. पण शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, आणि तिथे सातबारा आडवा येतो. एका सभेत मी विचारले, सातबाऱ्यावर नाव कोणाकोणाचे? खोली बायांनी भरलेली, हात वर आले तीन. त्यातल्या दोघी विधवा. 2015-16 च्या कृषी गणनेतही देशातल्या वहितीदारांत बाया शंभरात चौदाच्या आसपास भरल्या.

हे दुखणे जुने आहे. 1986 च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन झाले. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली: ज्या गावात शंभर घरे बायकोच्या नावे जमीन करतील ते लक्ष्मीमुक्ती गाव. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरच्या शेतकऱ्यांनी ते करून दाखवले. 1992 साली सरकारनेही लक्ष्मीमुक्ती योजना काढली. नवऱ्याने अर्ज केला तर त्याच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर बायकोचे नाव सहधारक म्हणून लागते.

घरधनी मंडळी, हे पान तुम्हीही वाचता हे मला ठाऊक आहे. जमीन कुठे जात नाही, घरातच राहते; फक्त तुमच्या नावाखाली आणखी एक नाव येते. अर्ज तलाठ्याकडे न्यावा. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण चावडीवर तलाठी म्हटले तरी कळते. मृग लागला की कोणालाच सवड नसते, तेव्हा रोहिणीच्या आधीच सातबाऱ्याची ताजी प्रत घेऊन दोघांनी मिळून जाऊन यावे.