आयरिश पाइप्सची पहिली खरेदी

बॅगपाइप म्हटला कीं आपल्याकडील श्रोत्याच्या डोळ्यांपुढें लष्करी पथक उभें राहतें. खांद्यावर उभारलेल्या नळ्या, फुगलेले गाल आणि मैदान दणाणून सोडणारा आवाज. तें वाद्य मूळ स्कॉटलंडचें. आयर्लंडचा बॅगपाइप त्याच कुळांतला असला तरी स्वभावानें अगदीं निराळा आहे. तो चालत चालत वाजवीत नाहींत; घरांत, खुर्चीवर बसून, चार रसिकांच्या बैठकींत वाजवितात. त्यांत तोंडानें फुंकण्याचें कामच नाहीं. वादकाच्या एका कोंपराखालीं लहानसा भाता बांधलेला असतो आणि दुसऱ्या कोंपराखालीं हवेची पिशवी. भाता पिशवी भरतो, पिशवी नळ्यांना हवा पुरविते. आयरिश भाषेंत कोंपराला जो शब्द आहे त्यावरूनच ‘इलन पाइप्स’ हें त्याचें आजचें नांव रूढ झालें. २०१७ सालीं युनेस्कोनें या वादनकलेचा मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादींत समावेश केला.

पूर्ण संचांत सात नळ्या असतात. ज्या नळीवर बोटें फिरतात व चाल निघते ती ‘चँटर’. एकच सूर अखंड धरून राहणाऱ्या तीन नळ्या म्हणजे ‘ड्रोन’; त्यांचें काम आपल्या तंबोऱ्याचें. याशिवाय मांडीवर आडव्या येणाऱ्या, चाव्या बसविलेल्या आणखी तीन नळ्या असतात, त्यांस ‘रेग्युलेटर’ म्हणतात. दोन्ही हातांचीं बोटें चँटरवर गुंतलेलीं असतां वादक मनगटाच्या कडेनें या चाव्या दाबतो आणि स्वतःच स्वतःची साथ करतो. पाहणारा थक्क होतो, आणि नेमका तेथेंच नवशिक्याचा घात होतो. त्याला सातहि नळ्या हव्याशा वाटतात. खिशांत मात्र एका चांगल्या नळीपुरते पैसे जेमतेम असतात. मग तो सातहि नळ्या स्वस्तांत कोठें मिळतील याच्या शोधास लागतो.

शिकण्याचा क्रम याच्या अगदीं उलट आहे. प्रथम घ्यावयाचा तो ‘प्रॅक्टिस सेट’. त्यांत भाता, पिशवी आणि चँटर एवढेंच असतें. त्याला तीन ड्रोन जोडले म्हणजे ‘हाफ सेट’ होतो आणि रेग्युलेटर आले म्हणजे संच पुरा होतो. भाता चालवीत असतांना पिशवीवरील दाब तिळभरहि हलूं न देणें हीच पहिल्या दिवसांतील खरी विद्या, आणि ती साधेपर्यंत बाकीच्या नळ्या म्हणजे नुसता अडथळा. सात वर्षें शिकण्यांत, सात सरावांत आणि सात वाजविण्यांत गेल्यावर पाइपवादक तयार होतो, असें तिकडे म्हणतात. अशा एकवीस वर्षांच्या प्रवासांत पहिल्याच दिवशीं सगळें सामान गाडींत भरण्याचें कारण नाहीं. चांगल्या कारागिराच्या प्रॅक्टिस सेटला आज साधारणतः हजार युरोच्या आसपास किंवा त्याहून अधिक पडतात. पूर्ण संचाला त्याच्या कित्येक पट. शिवाय नामांकित कारागिराकडे नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागते, ती वेगळीच.

या किंमती ऐकून हबकलेल्या माणसापुढें जेव्हां चकचकीत पूर्ण संच अगदीं अल्प किंमतींत येतो, तेव्हां त्याचा विवेक डळमळतो. असे बरेच संच पाकिस्तानांतील सियालकोट येथून येतात. खेळाच्या सामानाप्रमाणेंच बॅगपाइपसाठींहि तें शहर जगभर माहीत आहे, आणि तेथील स्कॉटिश पाइप अनेक पथकांतून वाजतात. परंतु स्वस्तांतल्या आयरिश संचांपासून अनुभवी वादक नवशिक्याला आवर्जून दूर ठेवतात. लांकूड गुळगुळीत असतें, पितळ झगझगीत असतें. वाजत मात्र कांहीं नाहीं. याहून वाईट हें कीं, दोष वाद्याचा आहे हें नवशिक्याला कळत नाहीं. आपल्यालाच गळा नाहीं, कान नाहीं, हात नाहीं, असें समजून तो वाद्य पेटींत बंद करतो. पैसे गेल्याची हळहळ चार दिवसांची. पण स्वतःविषयींचा हा गैरसमज जन्मभर पुरतो.

दोष कोठें असतो तें समजण्यास चँटरची घडण पाहावी लागते. डी सुराचा चँटर सुमारे ३६ सेंटिमीटर लांबीचा असतो. त्याच्या पोटांतील पोकळी वरच्या टोंकाला सुमारे ५ मिलिमीटर रुंद, आणि खालीं उतरत उतरत तिच्या दुपटीहून अधिक रुंद होते. या उतारावर दोन पुरीं सप्तकें उभीं असतात. चँटरचें खालचें टोंक मांडीवर टेकवून क्षणभर बंद करावयाचें आणि पिशवीवरचा दाब किंचित् वाढवावयाचा, कीं तोच सूर वरच्या सप्तकांत उडी घेतो. उतार केसभर चुकला तर ही उडी हुकते, किंवा वरचा सूर खालच्याशीं जुळत नाहीं. पिशवी गळत असेल तर दुसरी घेतां येते, भात्याचें कातडें बदलतां येतें. पण पोकळीचा मूळचा दोष काढणें जवळजवळ अशक्यच.

चँटरच्या माथ्यावर टोपीखालीं लपलेली असते ती रीड. सनईच्या पत्तीप्रमाणेंच ती दुहेरी असते, बोरूच्या जातीच्या जाड नळापासून तासलेली. सनईची पत्ती वादकाच्या ओठांत भिजते; ही मात्र भात्याच्या कोरड्या हवेवर चालते, म्हणून नीट सांभाळल्यास वर्षानुवर्षें टिकते. परंतु भाता खोलींतलीच हवा ओढतो. त्यामुळें आयर्लंडच्या दमट हवेंत गोड बोलणारी रीड एखाद्या कोरड्या मुलखांत गेली कीं रुसते. ज्या हवेंत वाजवावयाचें तिचा विचार करून केलेली रीड मागणें हा काटकसरीचाच भाग आहे. मिळालेली रीड पहिल्याच दिवशीं चाकूनें तासावयास बसणारे उत्साही लोक प्रत्येक देशांत आहेत. पेन्सिलीला टोंक काढतां काढतां ती संपवून टाकणारे विद्यार्थी शिक्षकांना ठाऊक असतात, त्यांचेच हे बंधु.

तेव्हां अल्प पैशांत काय करावें? सर्वांत स्वस्त मार्ग विकत न घेण्याचा. १९६८ सालीं आयर्लंडांतील पाइपवादकांनीं ‘ना पीबेरी इलन’ ही संस्था स्थापिली, त्या वेळीं हें वाद्य वाजविणारे फारच थोडे उरले होते. डब्लिनमधील हेन्रिएटा स्ट्रीटवर तिचें घर आहे, आणि विद्यार्थ्यांना वाद्यें वापरावयास देण्याची योजना ती चालविते. क्लेअर परगण्यांतील मिलटाऊन मालबे या गांवीं १९७३ पासून विली क्लॅन्सी या थोर वादकाच्या नांवानें उन्हाळी शाळा भरते. तेथें वादनाबरोबर रीड करण्याचेंहि शिक्षण मिळतें. अशा ठिकाणीं गेलेल्या माणसाला दुसऱ्याच्या चँटरवर हात ठेवून पाहतां येतो, आणि जुना संच विकावयाचा आहे अशी वार्ताहि तेथेंच कानीं पडते.

जुना संच घ्यावयाचा तर जाणता वादक बरोबर नेल्याशिवाय पैसे मोजूं नयेत. तो प्रथम पिशवी भरून, तोंडें बंद करून कोंपरानें दाबील. कोंपर खचत गेलें तर हवा गळते आहे. मग खालपासून वरपर्यंत एकेक सूर लांबवून, प्रत्येकाची वरच्या सप्तकांतली जोड ऐकेल. जुन्या संचावर हस्तिदंताचीं कडीं असलीं तर परदेशाच्या जकातीवर तें वाद्य अडकूं शकतें, हेंहि ध्यानांत ठेवावें. काळ्या लांकडाचें तसें भय आतां उरलेलें नाहीं. आफ्रिकेंतलें हें लांकूड आपल्या शिसवीचें भाऊबंद. २०१७ पासून त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत, परंतु तयार वाद्यांना २०१९ मध्यें त्यांतून सूट मिळाली.

नवा प्रॅक्टिस सेट मागवितांना कारागिराला दोन गोष्टी लिहून कळवाव्या. सूर डी असावा. त्याहून खालच्या सुरांचे संच कानाला मृदु लागतात खरे, पण गुरूबरोबर आणि इतरांच्या मेळ्यांत बसून वाजविण्यास डीच लागतो. आणि पिशवी शिवतांनाच ड्रोन बसावयाची जागा करून ठेवून, तींत एक लांकडी बूच ठोकून द्यावें. पुढें दोन-चार वर्षांनीं हातीं पैसे आले कीं तें बूच काढावयाचें आणि त्याच कारागिराकडून आलेले तीन ड्रोन त्या जागीं बसवावयाचे. पिशवी, भाता आणि एव्हांना हाताच्या ओळखीचा झालेला चँटर जसाच्या तसा राहतो.