पुरांतील होडीचें इंजिन

बीड जिल्ह्यांतील नांदूरघाटचा होडीच्या इंजिनाशीं संबंध काय, असें कोणीहि विचारील. हें गांव केज तालुक्यांतलें, आणि मुलूख अवर्षणाचा. याच तालुक्यांतील धनेगांवचें मांजरा धरण २०१६ सालीं कोरडें पडलें, तेव्हां लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. पण सप्टेंबर २०२१ मध्यें त्याच धरणाचे अठराहि दरवाजे उघडावे लागले आणि मांजरेकांठचीं माणसें होड्यांतून हलवावीं लागलीं. अशा मुलखांत होडीचें इंजिन वर्षानुवर्षें कोठडींत पडून राहतें, आणि मग एका रात्रींत माणसांचे प्राण त्याच्या हवालीं होतात.

होडीच्या मागच्या फळीवर अडकविण्याच्या या लहान इंजिनास मोटारीसारखा रेडिएटर नसतो. ज्या पाण्यावर होडी चालते तेंच पाणी खालच्या जाळीवाटें आंत ओढलें जातें, इंजिनाभोंवतीं फिरतें व बाहेर पडतें. ओढणारें चाक रबराचें असून त्याचीं पातीं घरांत दुमडून बसलेलीं असतात. पाणी हेंच त्यांचें वंगण. इंजिन कोरडें चालविल्यास तीं थोड्याच वेळांत करपतात. नुसतें पडून राहिलें तरी पातीं दुमडलेलीं तशींच ताठरतात आणि पाणी ओढीनाशीं होतात.

पुराचें पाणी तर गाळाचें. रेतीनें चाक झिजतें, काडीकचऱ्यानें जाळी बुजते. चालत्या इंजिनांतून पाण्याची एक बारीक धार सतत बाहेर पडत असते, तिच्यावर नजर हवी. ती मंदावतांच होडी संथ पाण्यांत घेऊन इंजिन बंद करावें; धार अजिबात थांबेपर्यंत वाट पाहणाऱ्याचें इंजिन भर प्रवाहांत जखडण्याचें भय असतें. मग जाळी साफ करावी, धारेचें छिद्र तारेनें मोकळें करावें. पुष्कळदां दोष एवढाच असतो.

पूर ओसरल्यावर जाळी पूर्ण बुडेल अशा बेतानें इंजिन पिंपांत उभें करून, पंखा न फिरवितां, स्वच्छ पाण्यावर कांहीं मिनिटें चालवावें. नाहींतर आंतला चिखल वाळून विटेसारखा होतो. येथल्या काळ्या खडकांतल्या विहिरींचें पाणी बहुधा जड असतें व त्याचे क्षार किटलींत धरतात तसे इंजिनांतहि धरतात. पावसाचें साठविलेलें पाणी मिळाल्यास उत्तम. नंतर इंजिन उभेंच ठेवून निथळूं द्यावें.

दरवर्षीं मृगापूर्वीं चाक उघडून पाहावें. एखादें पातें तुटलेलें आढळल्यास नवें चाक बसविण्याआधीं तो तुकडा शोधणें अगत्याचें. तो पाण्याच्या वाटेंत अडकला असला तर नव्या चाकाचीहि धार मंदच पडते. जास्तीचें एक चाक इंजिनाबरोबर पेटींत असावें, आणि ती पेटी पत्र्याच्या छपराखालीं ठेवूं नये. मराठवाड्याच्या वैशाखांत रबर निकामी व्हावयास इंजिन चालावेंच लागतें असें नाहीं.