बारीक माणसाची साखर

मधुमेहाविषयी आपल्याकडे एक पक्का समज आहे. हा आजार खात्यापित्या घरचा, पोट सुटलेल्यांचा, गादीवर बसून राहणाऱ्यांचा. रानात राबणाऱ्या, भाकरी-पिठल्यावर दिवस काढणाऱ्या, अंगाने बारीक असलेल्या माणसाच्या वाटेला तो जात नाही. धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यातील मुरुमसारख्या गावातही हा समज सहज ऐकू येतो. कर्नाटकच्या सीमेलगतचे हे गाव. भोवती कोरडवाहू रान, त्यात ज्वारी, तूर, सोयाबीन आणि पाणी असेल तेथे ऊस. इथल्या माणसाला कष्ट नवे नाहीत आणि दुष्काळही नवा नाही. मग इथे ‘शुगर’ यावी तरी कशी?

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत महाराष्ट्रातच झालेल्या संशोधनाने या समजाला मुळापासून हलवले आहे. त्या संशोधनाचा सारांश असा की आपल्या मातीतला मधुमेह बारीक शरीरातही वाढतो, आणि त्याची चाहूल रक्तात फार आधी, कधीकधी जन्माच्या वेळीच, लागलेली असते. ही चाहूल कशी ओळखायची, ती कितपत खरी मानायची आणि कळल्यावर काय करायचे, हे या लेखात पाहू.

आकड्यांची सीमारेषा

मधुमेहाचे दोन प्रकार आपल्या जुन्या वैद्यांना ठाऊक होते. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे ‘सहज’, म्हणजे जन्मतः आलेला, आणि ‘अपथ्यनिमित्तज’, म्हणजे चुकीच्या आहारविहाराने झालेला, असे दोन भेद सांगितले आहेत. पहिला रोगी कृश आणि दुसरा स्थूल असतो असे वर्णनही आहे. मात्र त्या काळी निदान व्हायचे ते लघवीवरून. लघवीत साखर उतरते तेव्हा रोग पुष्कळ पुढे गेलेला असतो. रक्तातील साखर मोजता येऊ लागल्यावर रोगाची वेस अलीकडे आली.

आज प्रयोगशाळेच्या कागदावर तीन आकडे महत्त्वाचे मानले जातात. उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात दर डेसिलिटरला १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक ग्लुकोज, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजल्यावर दोन तासांनी २०० किंवा अधिक, आणि एचबीए१सी ६.५ टक्के किंवा अधिक, म्हणजे मधुमेह. त्याच्या अलीकडचा पट्टा ‘पूर्वमधुमेहा’चा : दोन तासांनंतरची साखर १४० ते १९९, उपाशीपोटीची १०० ते १२५, आणि एचबीए१सी ५.७ ते ६.४. यांतले शेवटचे दोन पट्टे अमेरिकी मधुमेह संघटनेने आखलेले आहेत. उपाशीपोटीच्या साखरेसाठी जागतिक आरोग्य संघटना १०० ऐवजी ११० पासून मोजते. एकाच माणसाला एक संस्था निरोगी म्हणते आणि दुसरी काठावरचा, ते यामुळे.

या रेषा निसर्गाने आखलेल्या नाहीत. साखरेच्या ज्या पातळीपासून डोळ्यांच्या पडद्याला इजा होण्याचे प्रमाण ठळक वाढते, ती पातळी निदान ठरवताना प्रामुख्याने विचारात घेतली गेली. १९९७ पर्यंत उपाशीपोटीची मर्यादा १४० होती. ती १२६ वर आली. त्या वर्षी कित्येक माणसे रक्तात काहीही न बदलता ‘मधुमेही’ झाली. म्हणून १२४ म्हणजे सुटका आणि १२७ म्हणजे संकट, असे वाचणे चूक. हा एका उताराचा आलेख आहे आणि आपण त्या उतारावर कुठे आहोत, एवढेच आकडा सांगतो.

बोअरचे पाणी

हा उतार प्रत्यक्षात कसा असतो, हे लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवरील ‘व्हाइटहॉल २’ या दीर्घ अभ्यासात दिसले. साडेसहा हजार लोकांची वर्षानुवर्षे तपासणी झाली, त्यांपैकी ५०५ जणांना मधुमेह झाला. २००९ साली त्यांच्या जुन्या नोंदी उलट्या दिशेने वाचण्यात आल्या. निदानाच्या सुमारे पाच वर्षे आधीपासून शरीर इन्सुलिनला झपाट्याने दाद देईनासे होते. त्यावर स्वादुपिंड काही काळ जास्त इन्सुलिन सोडून वेळ मारून नेते. मग त्याचीही ताकद सरते आणि शेवटच्या तीनेक वर्षांत साखर एकदम चढते.

मराठवाड्यातल्या वाचकाला हे समजावून सांगायला बोअरचे उदाहरण पुरेल. पाण्याची पातळी दरवर्षी खाली जाते, आपण पाइप वाढवतो, मोटार जास्त वेळ चालवतो आणि पाटाला पाणी तेवढेच दिसते. पाटाकडे पाहणाऱ्याला सगळे ठीक वाटते. एके दिवशी मोटार हवा ओढते. उपाशीपोटीची साखर हे पाटाचे पाणी आहे. इन्सुलिनची मात्रा, स्वादुपिंडाची उरलेली क्षमता ही पातळी आहे, आणि नेहमीच्या तपासणीत ती मोजली जात नाही.

पुण्याजवळची सहा गावे

१९९३ हे वर्ष मुरुम परिसर विसरणार नाही. त्या वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी-सास्तूरच्या भूकंपाने हा सगळा भाग हादरला. त्याच वर्षी पुण्याच्या परिसरातील सहा खेड्यांत एक शांत काम सुरू झाले. केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातल्या तरुण विवाहित स्त्रियांची नोंद केली, त्यांना दिवस गेल्यावर त्यांचा आहार, काम आणि रक्त तपासले आणि जन्मलेल्या मुलांचा माग ठेवला. ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ या नावाने हे संशोधन जगभर ओळखले जाते.

बाळांचे सरासरी वजन भरले सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधील बाळांचे सरासरी ३.५ किलो. स्नायू कमी, पोटातील अवयव लहान. पण पाठीवरच्या त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने जवळजवळ शाबूत. वजनाने हलके, चरबीने श्रीमंत असे हे बाळ. नाळेतल्या रक्तात आणखी एक खूण सापडली : लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा वजन कमी असूनही पुण्याच्या बाळांच्या रक्तात इन्सुलिन जास्त होते. आपल्याला वाटते मधुमेहाची गोष्ट चाळिशीत सुरू होते. तिचे पहिले पान प्रसूतिगृहात लिहिलेले होते.

मोठेपणी हा ‘बारीक पण चरबीदार’ देह कसा दिसतो, हे दाखवायला याज्ञिकांनी स्वतःचाच दाखला दिला. ते आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३. शरीरातील चरबी मोजल्यावर युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचे छायाचित्र या आकड्यांसह छापून आले. वजनकाट्यावर विसंबणाऱ्यांना इतके सोपे उत्तर क्वचितच मिळाले असेल.

त्या सहा गावांतली मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांचीही ग्लुकोज पाजून तपासणी झाली. जवळपास निम्मी मुले-मुली कमी वजनाची होती. तरीही ३७ टक्के तरुणांची आणि १८ टक्के तरुणींची साखर ठरलेल्या मर्यादेबाहेर होती. बहुतेक सगळे पूर्वमधुमेहाच्या पट्ट्यात. या मुलांची उपाशीपोटीची साखर सहाव्या आणि बाराव्या वर्षीही इतरांपेक्षा थोडी वरच होती. प्रत्येक वेळी ‘नॉर्मल’च्या आत, पण वरच्या बाजूला. चाहूल तेव्हाही होती. तिला नाव नव्हते.

आईचे रक्त

याच अभ्यासाने दुसरी एक गोष्ट पुढे आणली. गर्भवतींपैकी दोन तृतीयांश स्त्रियांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. फोलेटची कमतरता मात्र जवळजवळ नव्हतीच. ज्या आयांचे बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांची मुले सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देणारी निघाली. बी-१२ मिळते ते दूध, दही, अंडी, मांस, मासे यांतून, भाजीभाकरीतून नाही. याचा अर्थ गरोदरपणातल्या लोह-फॉलिकच्या गोळ्या टाकून द्याव्यात असा मुळीच नाही. त्या गोळ्या रक्तक्षय आणि बाळाच्या मज्जारज्जूतील व्यंग टाळतात. अर्थ एवढाच की ताटात बी-१२ चीही सोय हवी.

हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध ज्या आयांच्या खाण्यात जास्त, त्यांची बाळे जन्मतः मोठी. आणि ज्यांच्या अंगावर कष्टाची कामे जास्त, त्यांची लहान, असेही तिथे आढळले. दुष्काळात डोक्यावर घागरी वाहणारी, सातव्या महिन्यातही खुरपणीला जाणारी किंवा फडावर ऊसतोडीला गेलेली बाई आठवली, की प्रयोगशाळेतला आकडा आणि गावातले जगणे यांतले अंतर उरत नाही. घरात सगळ्यांच्या शेवटी जेवणारी सून हा मधुमेहाच्या चर्चेतला विषय आहे, हे आपल्याला आता पत्करावे लागेल.

एचबीए१सी आणि रक्तक्षय

हल्ली शिबिरांतून एचबीए१सी ही तपासणी सर्रास होते. उपाशी राहावे लागत नाही, एकदाच रक्त द्यायचे. रक्तातील ग्लुकोज तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला आपोआप चिकटते. पेशी सुमारे १२० दिवस जगते. त्यामुळे किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटली यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. मधुमेहींच्या रक्तातला हा बदल १९६० च्या दशकात सॅम्युअल रहबर यांनी तेहरानमध्ये टिपला.

पण या तपासणीत एक मेख आहे. लोहाची कमतरता असेल तर तांबड्या पेशींचे वय आणि घडण बदलते आणि साखर न वाढताही आकडा वर दिसू शकतो. पुण्यातच केईएममध्ये जन्मलेल्या मुलांचा दुसरा एक गट एकविशीत तपासला गेला. ११६ जणांपैकी ग्लुकोज पाजून केलेल्या चाचणीत ७.८ टक्के पूर्वमधुमेही ठरले; एचबीए१सी लावल्यावर तेच प्रमाण २३.३ टक्के झाले. या फरकामागे लोहाची कमतरता आणि रक्तपेशींतले बदल हे एक कारण होते. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आहेत असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. तेव्हा एखाद्या बाईचा एचबीए१सी ५.९ आला, तर आधी हिमोग्लोबिन पाहावे आणि शंका असल्यास उपाशीपोटीची व दोन तासांनंतरची साखर तपासून घ्यावी. उलट सिकलसेलसारख्या विकारात पेशी लवकर मरतात आणि आकडा फसवा कमी येतो.

टेप आणि चार प्रश्न

रक्तातील इतरही खुणा शोधल्या गेल्या आहेत. २०११ साली अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅमच्या नोंदींवरून दिसले की ल्यूसीन, आयसोल्यूसीन, व्हॅलीन, टायरोसीन आणि फेनिलअलॅनीन ही पाच अमिनो आम्ले ज्यांच्या रक्तात वाढलेली होती, त्यांना पुढच्या बारा वर्षांत मधुमेह होण्याचा धोका जास्त होता. शास्त्रासाठी हे मोलाचे. मुरुमच्या माणसासाठी आज उपयोगाचे नाही. त्याला उपयोगी पडेल अशी कसोटी चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या गटाने २००५ मध्ये मांडली. तिला रक्त लागत नाही. शिंप्याचा टेप पुरतो.

वय ३५ ते ४९ असेल तर २० गुण, ५० च्या पुढे ३०. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरपासून, बाईची ८० पासून पुढे असेल तर १०. आणखी १० सेंटिमीटर वाढली तर २०. नियमित व्यायाम आणि कष्टाचे काम दोन्ही असल्यास शून्य, एकच असल्यास २०, काहीच नसल्यास ३०. आई-वडिलांपैकी एकाला मधुमेह असल्यास १०, दोघांनाही असल्यास २०. बेरीज ६० किंवा अधिक आली तर रक्त तपासायलाच हवे. आशाताई घरोघर जो तक्ता भरतात, त्यातही वय, कंबर, हालचाल, कुटुंबातला आजार हेच विचारतात. फक्त तो भरायचा असतो तिशीनंतर. अठराव्या वर्षी पट्ट्यात आलेला तरुण त्यात बारा वर्षे दिसतच नाही. भूकंपानंतर जन्मलेली पिढी आज तिशी ओलांडते आहे. तिची पहिली तपासणी आता कुठे होते आहे.

कळल्यावर काय?

चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी ५३१ पूर्वमधुमेहींवर केलेला प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसता सल्ला मिळालेल्यांपैकी तीन वर्षांत ५५ टक्क्यांना मधुमेह झाला. ज्यांच्या चालण्याचा आणि आहाराचा नियमित पाठपुरावा केला, त्यांच्यात ३९ टक्क्यांना. विशेष म्हणजे त्यांचे वजन फारसे उतरले नव्हते, तरी फायदा झाला. आपल्या बारीक माणसासाठी ही बाब फार कामाची आहे. त्याला ‘वजन कमी करा’ सांगणे निरर्थक, कधी घातकही. त्याला सांगायचे ते हे की चालणे सोडू नका, ट्रॅक्टर आणि मोटारसायकल आल्यावर जेवढी हालचाल गेली तेवढी परत आणा, ताटात डाळ, दूध, अंडे, पालेभाजी वाढवा आणि पांढरा भात, साखरेचा चहा कमी करा. ज्वारीही पिष्टमयच आहे. भाकरी पोटभर आणि कालवण नावापुरते, हा हिशोब बदलायला हवा.

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक पूर्वमधुमेहाच्या पट्ट्यात आहेत. या दुसऱ्या आकड्यातला प्रत्येक जण उद्याचा रोगी असेलच असे नाही. काहींची साखर मूळ पदावर येते, काही तिथेच राहतात. पण कुणाचे काय होणार हे नशिबावर सोडायचे नसेल, तर तपासणी आधी, आणि त्याहूनही आधी पोरीच्या ताटाकडे लक्ष, हा क्रम लागतो. पुण्याच्या संशोधकांनी त्याच गावांतल्या किशोरवयीन मुला-मुलींना, ती आईबाप होण्यापूर्वीच, बी-१२ देऊन पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो याचा प्रयोग हाती घेतला, तो याच विचाराने. मुरुमच्या शाळेत जाणारी आजची मुलगी वीस वर्षांनी आई असेल. तिच्या बाळाच्या नाळेत किती इन्सुलिन असेल, याचा काही भाग आज तिला दूध-अंडे मिळते की नाही, यावर ठरतो आहे.