खेळायला घ्याल का?

दिवाळीच्या सुमाराला अंबड, घनसावंगी, मंठा या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, सोबत पोरंही. चार-पाच महिन्यांनी परतल्यावर बुडालेले धडे कसेबसे गाठता येतात, पण खेळातले भिडू बदललेले असतात. अशा बुजलेल्या मुलांना समूहोपचाराचा उपयोग होतो. सहा-आठ समवयस्क, एक प्रशिक्षित समुपदेशक. ‘मला खेळायला घ्याल का?’ एवढंच एकानं म्हणून दाखवायचं. बाकीचे सांगतात: मान खाली होती, आवाज पोचला नाही. पुन्हा म्हणायचं. मोठ्यांच्या उपदेशापेक्षा बरोबरीच्यांचा शेरा लवकर पचतो, हेच यातलं इंगित. मग तोच सराव मैदानावर, नाहीतर शिकलेलं खोलीतच राहतं. शाळेतला मुलामुलींचा मीना-राजू मंच म्हणजे उपचार नव्हे, तरी चारचौघांत तोंड उघडायची संधी तिथे मिळते. मूल फारच मिटून गेलं असेल, तर २०२२पासून सुरू असलेल्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं.