भोनचा स्तूप आणि धम्माविषयीचे काही गैरसमज

बुलडाणा जिल्ह्यात बौद्ध धम्म १९५६ नंतरच आला, असे पुष्कळ जण धरून चालतात. संग्रामपूर तालुक्यातले पूर्णाकाठचे भोन हे गाव वेगळे सांगते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिथे उत्खनन केले, तेव्हा भाजलेल्या विटांच्या स्तूपाचे अवशेष, मातीच्या कड्यांच्या विहिरी आणि जुनी नाणी मिळाली. त्यांच्या मते हा स्तूप मौर्यकाळाच्या सुमाराचा, म्हणजे दोन हजार वर्षांहून जुना. हे स्थळ जिगाव धरणाच्या बुडीत क्षेत्रात येते. वऱ्हाडाचा इतका जुना पुरावा पाण्याखाली जाणार असेल, तर ती काळजी केवळ बौद्धांची नाही, सगळ्या जिल्ह्याची आहे.

जिल्ह्यातून जाणाऱ्या अजिंठ्याच्या डोंगररांगेतच पुढे ती प्रसिद्ध लेणी आहेत. तिथले सोळावे लेणे करवून घेणारा वराहदेव हा वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री, आणि हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म म्हणजे शेजारचे वाशीम. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखोंना दिली, तेव्हा इथल्या माणसांनी परका नव्हे, याच मातीतला धम्म पुन्हा हाती घेतला. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात दर सात माणसांमागे जवळपास एक बौद्ध होता.

सगळ्यात खोल रुजलेला गैरसमज गृहत्यागाचा. म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी पाहून राजपुत्र सिद्धार्थ मध्यरात्री बायको-मुलाला झोपेत सोडून निघाला, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. पाली त्रिपिटकातल्या महापदान सुत्तात हे प्रसंग येतात, पण ते विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाचे आहेत. गौतमाच्या चरित्रात ते पुढच्या काळात रंगवले गेले. अरियपरियेसन सुत्तात बुद्ध स्वतःविषयी सांगतात ते अगदी साधे आहे: ऐन तारुण्यात, आईवडील रडत असताना, त्यांनी केस उतरवून घर सोडले. चोरून निघून जाण्याचा तिथे उल्लेख नाही. सिद्धार्थ ज्या कुळातला, त्या शाक्यांचे राज्यही गणराज्य होते, एकट्या राजाच्या मर्जीवर चालणारे नव्हते. गोव्याचे धर्मानंद कोसंबी यांनी जुन्या सुत्तांच्या आधारे हा प्रश्न मराठीत मांडला. बाबासाहेबांनी तर ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सरळ विचारले की, एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारपण पाहिलेच नव्हते, हे कसे मानायचे? शाक्य आणि कोलीय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा आणि युद्धाला सिद्धार्थाने केलेला विरोध यांत त्यांनी कारण शोधले. पाण्यावरून गावागावांत वैर कसे पेटते, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

‘बुद्धांच्या लेखी सगळे दुःखच’ असेही म्हटले जाते. हे म्हणणारे पहिल्या आर्यसत्यावरच थांबतात. दुसरे सत्य दुःखाचे कारण सांगते, तिसरे ते थांबू शकते असे सांगते, आणि चौथे त्यासाठीचा अष्टांगिक मार्ग देते. त्या मार्गात बोलणे, वागणे आणि पोट भरण्याचा धंदासुद्धा येतो. रोजच्या जगण्यात इतके लक्ष घालणाऱ्या शिकवणीला निराशावादी म्हणणे मला अजिबात पटत नाही.

विहारात वंदनेला म्हटले जाणारे पंचशील म्हणजे वरून आलेले हुकूम, असे काहींना वाटते. प्रत्यक्षात जीवहिंसा, चोरी, व्यभिचार, खोटे आणि नशा यांपासून दूर राहण्याचा नियम माणूस स्वतःहून घेतो. तो मोडला तर शिक्षा करणारा कोणी ईश्वर या शिकवणीत नाही. बुद्ध विष्णूचा अवतार नव्हेत, हे तर बाबासाहेबांनी दीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये स्पष्टच आहे. दुकानात दिसणारा लठ्ठ, हसरा ‘लाफिंग बुद्धा’ही गौतम नव्हे. तो बुदाई नावाच्या चिनी भिक्षूचा पुतळा.

शेवटचा गैरसमज शिकल्यासवरल्यांचा आहे: बुद्ध म्हणाले, मनाला पटेल तेच माना. कालाम सुत्त नीट वाचावे. परंपरा, ऐकीव गोष्ट, ग्रंथ, गुरूविषयीचा आदर यांवरून काही स्वीकारू नका, हे तिथे आहेच; पण नुसता तर्क किंवा आपल्या मताशी जुळणे हीसुद्धा पुरेशी कसोटी नाही, असेही तिथे सांगितले आहे. लोभ, द्वेष आणि मोह यांतून निघालेले कृत्य आपले आणि दुसऱ्याचे नुकसान करते का, हे स्वतः पाहायचे, जाणत्यांना ते निंद्य वाटते का तेही पाहायचे, आणि मग ते सोडायचे.