मत गेले सस्पेन्स खात्यात!



आम्ही पेशाने कारकून. शिक्षण बी. कॉम., तेही रात्रीच्या कॉलेजातून. गेली वीस वर्षे दिवसा कचेरीत खातेवह्या आणि संध्याकाळी वस्तीत समाजकार्य, असा आमचा दुहेरी नोंदीचा संसार चालू आहे. एका बाजूला नावे, दुसऱ्या बाजूला जमा, आणि दोन्हीकडची बेरीज जुळलीच पाहिजे, एवढे आम्हाला पक्के ठाऊक. पण गेल्या निवडणुकीपासून एक बेरीज काही केल्या जुळेना. ती आज तुमच्यापुढे मांडतो.

झाले असे, की त्या निवडणुकीत आम्ही एका उमेदवारासाठी घरोघर फिरलो. त्यांच्या पक्षाचे नाव सांगत नाही, कारण हे छापून येईपर्यंत ते त्याच पक्षात असतील याची खात्री नाही. गृहस्थ मोठे गोड बोलणारे. वस्तीत आले, तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना हार घातला, समाजमंदिराच्या पायरीवर बसून चहा प्याले आणि म्हणाले, "पक्ष म्हणजे माझी आई!" आम्ही विरघळलो. दारोदार जाऊन सांगितले, "माणूस खरा आहे, आमच्यावर विश्वास ठेवा." साहेब निवडून आले. वर्ष पुरे व्हायच्या आत साहेबांनी आई बदलली!

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर आमच्या चाळीतल्या आजीने आम्हाला गाठले. वय ऐंशीच्या पुढे. मतदानाला आमच्याच हाताला धरून गेली होती.

"बाळा, तू म्हनलास म्हनून मी त्या चिन्हाचं बटन दाबलं. आता त्यो मानूस दुसऱ्या चिन्हात गेला. मग माझं मत कुठं हाय? जुन्या घरी का नव्या घरी?"

आम्ही बी. कॉम. असूनही बादली उचलून गप्प घरी आलो.

धंदा जुनाच

घरी आल्यावर जुनी कात्रणे काढली. पाहतो तो काय, हा धंदा आजचा नव्हेच! १९६७ साली हरियाणात गयालाल नावाचे आमदार अपक्ष म्हणून निवडून आले आणि पंधरा दिवसांत तीनदा पक्ष बदलून मोकळे झाले. 'आयाराम गयाराम' हा शब्दप्रयोग तेव्हापासूनचा. रोग एवढा पसरला की केंद्राला यशवंतराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. समितीने १९६९ साली हिशेब मांडला. पक्ष बदलणाऱ्या २१० आमदारांपैकी ११६ जण त्यांनीच आणलेल्या सरकारांत मंत्री झाले होते. म्हणजे शेकडा पंचावन्न! आमच्या कचेरीत वीस वर्षे मान मोडून काम करणाऱ्यांना मिळालेल्या बढत्यांचे प्रमाण याच्या जवळपासही नाही.

किरकोळ बंद, घाऊक चालू

मग कायदा झाला. १९८५ साली ५२वी घटनादुरुस्ती झाली आणि राज्यघटनेला दहावी अनुसूची जोडली गेली. एकट्याने पक्ष सोडला तर आमदारकी जाणार. पण एक तृतीयांश आमदार एकदम फुटले तर ती 'फूट', आणि फूट माफ! २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीने ही सवलत काढून घेतली. दोन तृतीयांशांनी मिळून केलेले 'विलीनीकरण' मात्र शिल्लक राहिले. म्हणजे एक जुडी विकणाऱ्या भाजीवालीला दंड, आणि टेम्पो भरून नेणाऱ्या व्यापाऱ्याला सलाम!

गोव्याचा मासला पाहा. जानेवारी २०२२ मध्ये काँग्रेसचे उमेदवार मंदिरात गेले, क्रुसापुढे उभे राहिले, दर्ग्यातही गेले, आणि निवडून आल्यावर पक्ष सोडणार नाही अशी शपथ घेऊन आले. फेब्रुवारीत मतदान झाले, अकरा जण निवडून आले. सप्टेंबरमध्ये त्या अकरांतले आठ भाजपमध्ये! आता अकराचे दोन तृतीयांश काढा. सात पूर्णांक एक तृतीयांश. म्हणजे किमान आठ हवेत, आणि गेले ते नेमके आठच. शपथ लक्षात राहिली नाही, अपूर्णांकाचे गणित मात्र बिनचूक!

आपल्या महाराष्ट्राने तरी काय वेगळे केले? जून २०२२ मध्ये शिवसेनेचे आमदार सुरतेहून गुवाहाटीला गेले, झाडी-डोंगार पाहून आले आणि सरकार बदलले. कोण पात्र, कोण अपात्र, याचा विधानसभा अध्यक्षांचा निकाल आला १० जानेवारी २०२४ रोजी. निकाल काय, तर दोन्ही बाजूंचा एकही आमदार अपात्र नाही! आमच्या कचेरीत तीन लेटमार्क झाले की एक रजा कापतात, आणि त्याचा निकाल त्याच महिन्याच्या पगारात कळतो.

आपल्या घरातले

दुसऱ्याच्या घराला हसताना आपल्याही भिंतीकडे पाहावे. बाबासाहेबांच्या संकल्पनेतला रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात स्थापन झाला, आणि थोड्याच काळात त्याचे गट पडले. एक 'दुरुस्त', दुसरा 'नादुरुस्त'! नावे ऐकून वाटावे, पक्ष आहे की गॅरेज? १९९८ साली गट एकत्र आले तेव्हा चौघे लोकसभेवर गेले, तेही खुल्या जागांवरून. पण वर्षभरातच ऐक्याचा पुन्हा हिशेब झाला. प्रत्येक गटाच्या सभेत सतरंज्या उचलायला आम्ही होतोच. तेव्हा दोष एकट्या पुढाऱ्यांचा, असे म्हणून आम्हाला सुटता येणार नाही.

आजीच्या मताची किंमत काय, हे बाबासाहेब जाणून होते. मताचा हक्क मालमत्ता आणि कर पाहून दिला जाई, त्या काळात, १९१९ साली त्यांनी साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली. १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला. आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणात बजावले, की राजकारणातली भक्ती माणसाला अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. आम्ही हे भाषण दरवर्षी संविधान दिनाला वाचून दाखवतो. आणि निवडणूक आली की कुणाच्या तरी गाडीमागे घोषणा देत धावतो.

पावती कुठे आहे?

शेवटी आजीला आणि वस्तीतल्या चौघांना घेऊन आम्ही साहेबांच्या कार्यालयात गेलो. साहेब भेटले नाहीत. त्यांचे स्वीय सहायक म्हणाले, "साहेब विकासासाठी गेलेत." आजीने विचारले, "मग परत कवा येनार?" उत्तर मिळाले नाही, चहा मात्र मिळाला.

परतताना आम्ही आजीची समजूत काढू लागलो, "आजी, मतदान म्हणतात त्याला. दान दिले की विसरायचे." आजी जागीच थांबली.

"दान इहारात देते मी. ह्ये उसनं दिलं हुतं."

वीस वर्षांच्या कारकुनीत आम्हाला एवढा साधा हिशेब कुणी शिकवला नव्हता. उसने दिले तर आपण तारीख लक्षात ठेवतो, मागायला जातो, न मिळाल्यास पुन्हा देत नाही. तेव्हा पुढच्या वेळी उमेदवार हार घेऊन आले की त्यांच्यापुढे वही ठेवायची. काय करणार, कधी करणार, पक्ष सोडलात तर राजीनामा देऊन पुन्हा आमच्या दारी येणार का, हे सही करून लिहून द्या म्हणायचे. ती सही कोर्टात चालेल न चालेल, पण पुढच्या सभेत वाचून दाखवायला नक्की चालेल. आणि 'आमच्यावर विश्वास ठेवा' हे वाक्य आम्ही आता कुणासाठीही उच्चारणार नाही.

हिशेब जुळेना की आम्ही कारकून ती रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतो. आजीचे मत सध्या तिथेच पडून आहे. त्या नोंदीखाली सही मात्र साहेबांची नाही, आमची आहे.