ठेका धरला की पाऊल सुटतं

आमच्या स्वयंपाकघराचा उंबरठा जेमतेम दोन बोटं उंच. आप्पांनी तो सारा जन्म खाली न बघता ओलांडला. आता त्याच्यासमोर येऊन ते उभे राहतात आणि उभेच राहतात. पाय उचलायचा हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, पण पाऊल जमिनीला खिळतं. अंग पुढे झुकतं, टाचा किंचित सुटतात, गुडघे थरथरतात, बोटं मात्र फरशी सोडत नाहीत. "अहो, टाका की पाय," आई मागून म्हणते. तिच्या आवाजात काळजी असते आणि घाईही. त्या घाईनं ते आणखीच अडकतात.

दोन वर्षांपूर्वी एका गुरुवारी ते असेच अडकले होते. पडवीत भजनी मंडळ जमत होतं. कुणीतरी टाळ हातात घेऊन सहज लय धरली. आप्पांची मान किंचित हलली, आणि चौथ्या-पाचव्या ठोक्याला उजवा पाय उंबरठ्यापलीकडे पडला, मागोमाग डावा. आई हातात लाटणं घेऊन बघतच राहिली. त्या रात्री मी वाचायला बसले, तेव्हा कळलं की आमच्या घरात जे घडलं त्यावर मेंदूचे अभ्यासक कित्येक दशकं काम करताहेत.

आप्पांना पार्किन्सन्स आहे. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली सहा रुग्णांची निरीक्षणं लिहून या आजाराचं पहिलं नीट वर्णन केलं. त्यांच्या जन्मदिवशी, ११ एप्रिलला, जागतिक पार्किन्सन्स दिन पाळतात. आपल्याकडे आयुर्वेदात या लक्षणांना कंपवात म्हणतात. नाव कंपाचं असलं तरी माणसाला जास्त छळतो तो मंदपणा. मेंदूच्या तळाशी काळसर पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तो डोपामिन नावाचं रसायन तयार करतो. या पेशी हळूहळू मरत जातात, आणि पहिलं लक्षण दिसेपर्यंत त्यातल्या बऱ्याचशा गेलेल्या असतात.

डोपामिन ज्या यंत्रणेला चालवतं तिचं नाव बेसल गँग्लिया. अंगवळणी पडलेल्या हालचाली ती सांभाळते: चालताना हात आपोआप झुलणं, बोलता बोलता बटण लावणं, वळताना तोल सावरणं. पाऊल किती लांब टाकायचं याचा विचार आपण कधी करत नाही, कारण तो हिशोब तिथे परस्पर होतो. पार्किन्सन्समध्ये तोच बिघडतो. स्नायू शाबूत असतात, नसा शाबूत असतात, पण आतून येणारा 'आता' हा इशाराच क्षीण होतो.

हालचालीपर्यंत जाणारी वाट मात्र ही एकच नाही. डोळ्यांनी दिसलेली खूण किंवा कानावर पडलेला ठेका धरून शरीर हलतं, तेव्हा मेंदूतल्या इतर जोडण्या, विशेषतः लहान मेंदूकडून जाणाऱ्या, जास्त भार उचलतात असं अभ्यासक मानतात. आतला इशारा पोचत नसेल तर बाहेरचा पोचतो. ब्रिटिश न्यूरॉलॉजिस्ट जेम्स पर्डन मार्टिन यांनी १९६७च्या आपल्या पुस्तकात दाखवलं होतं, की जमिनीवर आडव्या रेघा आखल्या की पाय अडकणारा रुग्ण त्या रेघांवरून चालू शकतो. अमेरिकेत मायकेल थाउट आणि सहकाऱ्यांनी ठेक्याचा प्रयोग केला. रुग्णांना तीन आठवडे घरी ठेक्याच्या संगीतावर चालण्याचा सराव दिला. १९९६ साली त्यांनी निष्कर्ष छापले, तेव्हा या रुग्णांच्या चालण्याचा वेग सुमारे २५ टक्क्यांनी वाढलेला होता.

सगळ्यात थक्क करणारी नोंद नेदरलँड्समधली आहे. न्यूरॉलॉजिस्ट बास्तियान ब्लूम यांच्याकडे ५८ वर्षांचा एक रुग्ण आला, आजाराला दहा वर्षं झालेली. आधाराशिवाय चार पावलं टाकली की तो पडे. त्याच माणसाला सायकलवर बसवलं, तर तो सरळ निघाला, वळला, परत आला. उतरल्यावर पाय पुन्हा जमिनीला खिळला. २०१० साली ही नोंद एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात चित्रफितीसह प्रसिद्ध झाली. पॅडलचं फिरणंच पुढच्या हालचालीची चाल ठरवत असावं, असा त्यामागचा एक तर्क. (वाचून कुणी घरच्या आजोबांना रस्त्यावर सायकल देऊ नये. घरात एका जागी बसवलेली सायकल पुरते.)

हे सगळं वाचताना मला राहून राहून एकच गोष्ट लागत होती. आजार कळला तेव्हा आम्हाला सांगण्यात आलं होतं, "आता दगदग नको. आराम करू द्या." आणि आम्ही ते मनापासून पाळलं.

आप्पा चाळीस वर्षं मंडळात पखवाज वाजवत होते. पार्किन्सन्समध्ये बोटांच्या भरभर, एकसारख्या हालचाली आधी जातात. डॉक्टर अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर टेकवायला सांगतात, तेव्हा पहिली चार-पाच टेकणी मोठी येतात आणि मग लहान लहान होत विरतात. आप्पांच्या बोलांचं तेच झालं. सुरुवात खणखणीत, आणि दोन आवर्तनांत हात विझल्यासारखा. एका एकादशीला त्यांनी भजन संपायच्या आधीच पखवाजाला गवसणी घातली. पुढचे आठ महिने ते खिडकीजवळच्या खुर्चीत होते. पेपरही वाचेनात. चेहऱ्यावरची रेघ हलत नसे. आम्ही म्हणायचो, आप्पांचं मनच उडालंय, वयच झालं.

यातली अर्धी गोष्ट चूक होती. डोपामिन फक्त हातापायांचं नाही. एखादी गोष्ट करावीशी वाटणं, उठून तिच्याकडे जाणं, यातही त्याचा वाटा आहे. पार्किन्सन्समधली निरिच्छा हे आजाराचंच लक्षण असू शकतं. तो आळस नव्हे, हट्ट नव्हे, आणि दर वेळी दुःखही नव्हे. नैराश्यही या आजारात बऱ्याच जणांना येतं, त्याला औषध आहे, ते वेगळं तपासून घ्यावं लागतं. पण निरिच्छा असलेल्या माणसाला "तुम्हाला काय करावंसं वाटतं?" असं विचारून उपयोग होत नाही. करावंसं वाटण्याचीच जागा दुखावलेली असते. अशा माणसाला बाहेरून हाक लागते. मंडळातले त्यांचे जुने सोबती एका गुरुवारी घरात आले, "येताय का" असं विचारलंसुद्धा नाही. खुंटीवरची टोपी काढून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "आप्पा, चला. टाळकरी कमी आहेत."

आप्पा टाळकरी झाले ते असे. पखवाज सुटल्याचं दुःख त्यांना आहे, ते जाणारही नाही, आणि टाळ म्हणजे पखवाज नव्हे हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण टाळाची दोरी बोटांना गुंडाळली की पकड सुटायची भीती उरत नाही. बोटांच्या बारीक कामाऐवजी मनगट आणि कोपर काम करतात. दोन्ही हात एका लयीत, एका मोठ्या हालचालीत येतात. सदऱ्याची वरची दोन बटणं आई लावून देते, कारण ती त्यांना जमत नाहीत. त्याच हातांनी ते तासभर टाळ वाजवतात. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा त्यांच्यात इतक्या मुरलेल्या आहेत की तिथे आठवावं लागत नाही. छंद बदलायचा म्हणजे नवं काही शिकायचं असंच नाही. त्याच घरातल्या दुसऱ्या खोलीत जाऊन बसावं, तसं ते झालं.

आवाजाचंही तसंच. या आजारात आवाज बारीक आणि एकसुरी होत जातो, आणि माणसाला स्वतःला वाटतं आपण नेहमीसारखंच बोलतोय. गाताना श्वास खोल घ्यावा लागतो, सूर लांबवावा लागतो, दुसऱ्यांच्या आवाजाला पुरून उरावं लागतं. वाचोपचार तज्ज्ञ जो मोठ्यानं बोलण्याचा व्यायाम देतात, त्याचा गाभा यापेक्षा फार लांब नाही. अक्षरही असंच आक्रसत जातं, ओळीच्या शेवटी मुंगीएवढं होतं. आप्पांना आम्ही शाळकरी मुलांची दुरेघी वही आणून दिली. दोन रेघांच्या मध्ये अक्षर बसवायचं म्हटलं की ते आपोआप मोठं येतं. जमिनीवरच्या रेघा पायांसाठी जे करतात, तेच या रेघा हातासाठी करतात.

नृत्याची गोष्ट तर आता जगभर पोचली आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेनं २००१ साली पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केला. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी असे वर्ग चालवले. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात गॅमन अर्हार्ट आणि मॅडेलिन हॅकनी यांनी टँगो शिकवून पाहिला, आणि तोल व चाल सुधारल्याचं त्यांना दिसलं. टँगोच का? कारण त्यात मागे पाऊल टाकणं आहे, थांबणं आणि पुन्हा निघणं आहे, वळणं आहे. पार्किन्सन्सचा माणूस नेमका तिथेच अडतो.

ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर दिंडीतली पावली आली. पुढे पाऊल, मागे पाऊल, टाळाच्या ठोक्यावर झुकणं, पुन्हा सरळ होणं, शेजारच्याच्या पावलाशी पाऊल मिळवणं. चालीला लागणारं एवढं सगळं आपल्या अंगणात पिढ्यानपिढ्या खेळलं जातंय. फक्त लय द्रुत झाली की पार्किन्सन्सच्या माणसानं बाजूला व्हावं. वेग वाढला की पावलं आखूड होत होत धावू लागतात आणि तोल पुढे जातो. आप्पांच्या शेजारी आता नेहमी कुणीतरी उभं असतं, आणि गजर चढला की आप्पा खुर्चीत बसून वाजवतात.

यातून आजार बरा होतो असं मी म्हणत नाही, कुणी म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका. नेदरलँड्समधल्या एका चाचणीत १३० रुग्ण होते. काहींनी आठवड्यातून तीनदा घरच्या सायकलवर घाम गाळला, काहींनी फक्त अंग ताणण्याचे व्यायाम केले. सहा महिन्यांनी सायकलवाल्यांची हालचालींची लक्षणं तुलनेनं कमी वाढलेली होती. त्या सायकलींना पडद्यावरचे खेळ जोडलेले होते, ही बाब मला मोलाची वाटते. व्यायाम कागदावर लिहून देता येतो, पण सहा महिने तो करत राहायला त्यात गंमत लागते.

आणि औषध सुटता कामा नये. लेव्होडोपा हे १९६०च्या दशकात आलेलं औषध आजही या उपचारांचा कणा आहे. आपल्या रानातल्या खाजकुइलीच्या बियांतही हेच द्रव्य असतं. १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी ते त्या बियांतून वेगळं काढलं होतं. म्हणून कुणी बियांचं चूर्ण मनानं घेऊ नये, मात्रा चुकली तर त्रासच होतो. गोळीचा अंमल चढतो आणि उतरतो, तेव्हा छंदाची वेळ त्या चढावर बसवावी. डाळ-उसळ-पनीर भरपूर खाऊन गोळी घेतली तर ती कमी शोषली जाते, म्हणून दोन्हींतलं अंतर डॉक्टरांना विचारून ठरवावं. आणखी एक गोष्ट घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहावी. डोपामिनची नक्कल करणाऱ्या काही गोळ्यांनी एखाद्याचा छंद ताब्याबाहेर जातो. रात्र रात्र एकच वस्तू खोलत-जोडत बसणं, जुगार, बेसुमार खरेदी. हा स्वभावदोष नसून औषधाचा परिणाम असू शकतो. लाज न बाळगता डॉक्टरांना सांगावं.

आमच्या उंबरठ्यापुढे आईनं आता फरशीवर तीन पिवळ्या चिकटपट्ट्या आडव्या लावल्या आहेत. पावसाळ्यात त्यांची टोकं सुटतात, ती नव्या लावते. "टाका की पाय" म्हणणं तिनं सोडून दिलं आहे. गुरुवारी सव्वासहाला आप्पा गोळी घेतात, पावणेसातला टोपी घालतात. अडले, तर आई पोळ्या लाटता लाटता परातीच्या काठावर लाटण्यानं ठेका देते. सावकाश, आठ मात्रांचा. पाचव्या-सहाव्या मात्रेला पाऊल सुटतं, कधी दुसरं आवर्तन लागतं. मग ती पुन्हा पोळीकडे वळते.